नळाखालची परात

आमच्या सोसायटीतली माणसं पाणी यायच्या वेळी मोटर चालू करून खुशाल टीव्ही बघत बसतात. मला ते आजवर जमलेलं नाही. पाण्याआधी नळ जो फुसकारा टाकतो तो कानावर आला की हातातलं काम सोडून मी न्हाणीपाशी जाऊन उभी राहते. नातू हसतो. म्हणतो, "आजी, नळ आहे तो, साप नाही." हसेना का बापडा, त्याचं काय जातंय! साठी उलटलेल्या बाईनं नळाला भ्यावं ही हसण्यासारखीच गोष्ट आहे. पण मी ज्या नळाला भ्याले तो नळ आमच्या टेकाडावरचा पहिला नळ होता, आणि त्याला भ्यायला माझ्याकडे कारण होतं.

आमची वस्ती गावाच्या पार टोकाला, टेकाडावर. गावाला जे काही यायचं ते आमच्याकडे सगळ्यात शेवटी यायचं. वीज तशी आली, सडक तशी आली, पोस्टमनसुद्धा सगळं गाव फिरून दमल्यावर आमच्याकडे यायचा. आबा, म्हणजे माझे वडील, बदनापूरच्या बाजूला एका शाळेत मास्तर होते. सकाळच्या एस.टी.नं जायचे ते दिवस कलताना परत यायचे. माय सरकारी दवाखान्यात आया होती. थोरला भाऊ औरंगाबादला बोर्डिंगात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे भर दुपारी पत्र्याच्या त्या दोन खोल्यांत मी एकटी असायची. पत्रा तापून कडकड वाजायचा. चुलीपाशी झाकून ठेवलेली लाल मिलोची भाकरी असायची, त्या दुष्काळात रेशनवर मिळायची ती परदेशी ज्वारी. थंड झाली की ती भाकरी चामड्यासारखी व्हायची. मिरचीच्या ठेच्याबरोबर मी ती ओढून ओढून खायची आणि घरातल्या रिकाम्या रांजणाकडे बघत बसायची.

नळ दुष्काळाच्या आदल्या साली आला. त्यासाठी आबांनी नळाच्या ऑफिसात इतके खेटे घातले की चपलांचे अंगठे तुटले. अर्ज दिला की हरवायचा, सापडला की साहेब रजेवर. शेवटी एका शनिवारी फिटर आला, पाइप आला, आणि दारापासल्या विटांच्या चौकटीत पितळी मीटर बसलं. वर काच, काचेखाली पांढरी चकती, तिच्यावर आकडे आणि एक लाल काटा. सगळ्यावर पत्र्याचं झाकण. अख्खी वस्ती बघायला लोटली. मायनं गूळ वाटला. तिला हळदीकुंकू वाहायचं होतं, पण आबा समोरच उभे. "ते आपन सोडलं," ते म्हणाले. माय म्हणाली, "मंग फूल तरी?" "फूल कशाला? यंत्र हाय ते." दुसऱ्या दिवशी झाकण उचललं तर काचेवर जास्वंदीचं फूल! आबांनी ते उचललं, घरात नेऊन बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवलं.

नळाबरोबर एक कागदही आला होता. त्यावरच्या अटी आबांनी आम्हा दोघींना समोर बसवून वर्गात धडा वाचावा तशा वाचून दाखवल्या. पाणी फक्त घरच्या वापराला. दुसऱ्याला द्यायचं नाही, विकायचं नाही. मीटरला हात लावायचा नाही. अट मोडली तर नळ तोडणार. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "नीट ऐका," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या धा चुका माफ व्हत्यात, आपली एक व्हत न्हाई. हा नळ तुटला तर लोक म्हनतील, बघा, ह्यांला दिला की असं व्हतं. मंग ह्या टेकाडावर दुसरा नळ येत न्हाई." आबा हात उगारणारे नव्हते. पण ते चष्मा काढून बोलायला लागले की मला छड्या खाल्ल्यासारखं व्हायचं. त्या दिवसापासून मला मीटरची भीती बसली. मी झाकणावर पायसुद्धा ठेवत नसे, लांबून वळसा घालून जायची.

आणि तरी ती अट वर्षाच्या आत मोडली जायला लागली, आणि मोडणारी होती माझी माय. टेकाडाच्या उतारावर पहिलंच घर जैनब खालाचं. नवरा पिंजारी होता, तो वारला. मुलगा गाद्या भरायला गावोगाव हिंडायचा, घरी खाला आणि सून शमीम. खालाच्या अंगणात एक आड होता. गावातल्या विहिरीवर आमच्या मायचा पोहरा चालत नव्हता, तेव्हा ती काही फार जुनी गोष्ट नव्हती, मी रांगत होते तेव्हाची. रिकामी घागर घेऊन परत येताना खालानं तिला दारातून हाक मारली होती, "उधर कायकू जाती गे? मेरा आड क्या सूक गया?" तेव्हापासून नळ येईपर्यंत आमच्या घरातला प्रत्येक थेंब त्या आडाचा होता. भाकरीचं पीठ त्या पाण्यात मळलं गेलं, मी त्या पाण्यानं वाढले. नळ आला तेव्हा खालाही बघायला आली होती. मीटरच्या काचेला नाक लावून म्हणाली, "अरे वा मास्तर, पानी की घडी बिठाई!" मग दुष्काळ पडला. आडाच्या तळाला आधी एक बेडूक दिसायचा, मग तोही दिसेना. नळाला पाणी आलं की माय आपला रांजण भरायच्या आधी खालाचे दोन हंडे भरून द्यायची. आबा घरी असले तर त्या वेळी पेपर तोंडापुढं धरून बसायचे. आमचे आबा एवढी एकच गोष्ट न बघितल्यासारखी करायचे.

त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातनं दोनदा पाणी यायचं, कधी एकदाच, आणि येण्याची वेळ कुणाच्या बापाला ठाऊक नाही. आलं तर अर्धा तास. गावात ज्यांच्याकडे नळ होते ते सगळे एक युक्ती करायचे. तोटी सोडून ठेवायची आणि खाली परात पालथी घालायची. पाणी आलं की परात वाजते, माणूस असेल तिथनं धावत येतो. आबांना ही युक्ती बिलकुल मान्य नव्हती. "तू मागं गेलीस, डोळा लागला, तर पानी वाया जाईल," ते मला म्हणाले. "ह्या सालात सांडलेला तांब्याबी लोकांच्या डोळ्यात येतो. तोटी बंदच ठेवायची. घडीघडी उघडून बघायचं." मी मान डोलावली. अन् बराबर तसंच करत होते, एका दुपारपर्यंत.

त्या दुपारी मला झोप लागली. दुसरं काही नाही, नुसती झोप. जाग आली तेव्हा शेजारणी रिकाम्या बादल्या आदळत होत्या. त्यांना खालच्या आळीतून पाणी मिळायचं, आणि तिथं पाणी येऊन गेलं होतं. मी तोटी उघडली. दोन थेंब पडले, आणि बस. माय कामावरून आली, रांजणात वाकून बघितलं. हंडा उचलून टँकरवर गेली. टँकर यायचा खाली चौकात, आणि तिथं काय चालायचं ते ज्यांनी बघितलं त्यांनाच माहीत. ती परत आली तेव्हा हंडा चेपला होता, त्यात पाणी नव्हतं, आणि तिच्या कपाळातून रक्त गळत होतं. कुणाची तरी घागर लागली होती. मी रडायला लागले तर मलाच म्हणाली, "गप. लागलं न्हाई काही. भाकरी खाल्ली का?" तिनं त्या रात्री चुलीतली राख कपाळाला लावली. ती जखम भरली, पण खूण तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी तोटी सोडून ठेवायला लागले. आबांना माझ्यापेक्षा जास्त कुणी भीत नसेल, पण त्या रक्तापुढं आबांची भीती हरली. शाळेतून आले की आधी तोटी सोडायची, खाली परात पालथी घालायची, मग दप्तर ठेवायचं. आबांच्या एस.टी.ची वेळ झाली की तोटी बंद, परात जागेवर. कुणाला काही पत्ता नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी उंबऱ्यात बसून गणितं करत होते. नळातून आवाज आला. आधी घशात खाकर अडकावी तसा, मग लांबलचक फुस्स. मी धावले. परात वाजत नव्हती. तोटीखाली हात धरला तर हाताला गार वारा. पाणी नाही, नुसता वारा! आणि विटांच्या चौकटीतून कर्रर्र आवाज. मी भीतभीतच झाकण उचललं. आत तो लाल काटा असा गरगर फिरत होता की दिसत नव्हता, आणि आकडे एकामागून एक सरकत होते. थेंबभर पाणी नाही आणि मीटर पळतंय! मला वाटलं, पाइपाच्या आत बसून कुणीतरी आमचं पाणी पिऊन राह्यलंय. मला वाटलं, मी झाकण उचललं म्हणूनच ते बिघडलं. झाकण टाकून मी घरात पळाले आणि गोधडीत तोंड खुपसून बसले, एप्रिल महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली. बराच वेळानं परात वाजली तेव्हा बाहेर आले, पाणी भरलं.

मग ते नेहमीचंच झालं. पाण्याच्या आधी वारा. कधीकधी नुसताच वारा यायचा, घंटाभर, आणि पाणी यायचंच नाही. काटा मात्र वाऱ्यावर फिरत राहायचा. मी झाकणावर गोणपाट टाकलं, त्यावर वीट ठेवली, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तोटी बंद केली तर काटा थांबतो हे मला दोन दिवसांतच कळलं होतं. पण तोटी बंद केली आणि पाणी येऊन गेलं तर? मायचं कपाळ डोळ्यापुढं यायचं. सांगावं म्हटलं तर आधी हे सांगावं लागणार की मी तोटी उघडी ठेवते. तेवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना. आता वाटतं, अगं बये, बोलायचं होतंस की! काय खाल्लं असतं तुला त्यांनी? पण बारा वर्षांच्या पोरीला असला शहाणपणा साठीतून कोण नेऊन देणार.

मीटर वाचायला यायचे त्यांना सगळे मीटरबाबू म्हणत. बारीक माणूस, बगलेत छत्री, हातात लांबडी वही. ते आले तो रविवार नव्हता, पण शाळेला कसली तरी सुट्टी होती, आबा घरीच होते. बाबूंनी झाकण उचललं, काच पुसली, वाचलं. परत काच पुसली, परत वाचलं. मी दाराच्या आड उभी होते. बाबू म्हणाले, "मास्तर, घरात मानसं किती?"

"तीन. पोरगा सुट्टीत येतो तवा चार."

"अन् पानी बाजारातल्या हाटेलाइतकं? आठवड्यातनं अर्धा तास नळ येतो राव! विकून राह्यले का काय?"

आबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी दाराच्या फटीतून बघितलं. "मी मास्तर हाय," ते एवढंच म्हणाले. बाबू म्हणाले, "मास्तर हायेत म्हनून तर इचारलं. दुसऱ्याला इचारलंबी नसतं. आता मी हे लिवनार, साहेब बघनार, अन् फिटर घेऊन मीच येनार तोडायला. मला काय हौस हाय का?" बिलाचा आकडा आबांच्या पगाराला भगदाड पाडणारा होता, पण आबा त्याबद्दल बोललेच नाहीत. बाबू गेल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"ते दोन हंडे," आबा मायला म्हणाले.

"दोन हंड्यानं एवढं व्हतं का? काहीतरी बोलू नका."

"मंग कशानं झालं? सांग की! आपन अट मोडली, हे खरं हाय का न्हाई? आज कुनी माझ्या तोंडावर चोर म्हनलं, तर मला मान वर करून न्हाई म्हनता येत न्हाई. ह्या टेकाडावर समदे नळाची वाट बघून राह्यले. जैनबबाईंना सांग. आजपासून बंद."

"तुमी सांगा. मला तोंड न्हाई." माय रडत होती. "धा वर्सं पानी पेलो त्या बाईच्या आडाचं."

"मलाबी न्हाई," आबा म्हणाले आणि घरात गेले. बोलायला मी होते तिथं. एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. मी दाराआडून हलले नाही.

दोन दिवसांनी नळाला पाणी आलं. खाला नेहमीसारखी दोन हंडे घेऊन आली, एक डोक्यावर, एक कमरेवर. घरात बाळंतीण होती तिच्या, शमीमला मुलगी होऊन वीस दिवस झाले होते. माय नळापाशी उभी राहिली आणि तिनं सांगितलं. काय शब्द वापरले ते मला ऐकू आले नाहीत, कारण मी कानात बोटं घातली होती. दिसलं मात्र सगळं. खालानं मायकडे बघितलं, नळाकडे बघितलं. मग मायच्याच पाठीवर हात ठेवला. बोटं काढली तेव्हा ती म्हणत होती, "हौ गे, कानून है तो कानून. रो नको." आणि दोन्ही रिकामे हंडे घेऊन ती उतार उतरून गेली. रिकामा हंडा डोक्यावर धरायची गरज नसते. तिनं धरला होता, सवयीनं.

त्या पुढचे दिवस मी कसे काढले सांगता येत नाही. तोटी बंद ठेवायला लागले, पण आता काय उपयोग. घास उतरत नव्हता. मायला वाटलं मिलो बाधली, तिनं ओवा दिला. एकदा शाळेतून येताना चौकात टँकरभोवती झुंबड दिसली आणि त्यात खाला, डोक्यावरची ओढणी घसरलेली, हंडा छातीशी धरून. म्हातारी बाई, तिला कोण पुढं जाऊ देणार? एका बाजूला शमीम उभी, ओली बाळंतीण, पोर पदराखाली. मी त्यांना दिसू नये म्हणून दुसऱ्या गल्लीनं पळाले. मला वाटायचं, आता खालाच्या कपाळाला लागणार. मग वाटायचं, पोर मरणार. आणि मारणारी मी. रस्त्यात पाट्या-जात्यांना टाकी लावून देणारी टाकणकारीण दिसली तरी वाटायचं, हिला कळलंय.

मास्तर घरी सापडावेत म्हणून बाबू आले ते रविवारी. बरोबर फिटर, तोच ज्यानं नळ बसवला होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत पाना. टेकाडावरची बायकापोरं गोळा झाली, नळ आला तेव्हा झाली होती तशीच. आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. त्यांनी विनंती केली नाही, वाद घातला नाही. बाबू म्हणाले, "सोड रे." फिटर मीटरपाशी बसला, पाना काढला.

मला आजही कळत नाही मी कशी गेले. मी गेले आणि मीटरच्या झाकणावर बसले. ज्याला वळसा घालून जायची त्याच्यावर फतकल मारून बसले.

"कुसुम!" आबा ओरडले.

"आबा, मी तोटी उघडी ठेवत व्हते." माझा आवाज माझा वाटत नव्हता. "रोज दुपारी. परात घालून. पानी नसलं तरी काटा फिरतो. वाऱ्यानं फिरतो. मी बघितलं. दोन हंड्यानं न्हाई झालं, माझ्यानं झालं."

बाबूंना हसू फुटलं. "वाऱ्यानं? मीटर हाय का भिंगरी? ऊठ पोरी."

"न्हाई उठत. पानी येऊ द्या, मंग बघा. आज येतंय. खालच्या आळीत परवापासून न्हाई आलं, आज येतंय."

आबा माझ्याकडे बघत होते. चष्मा डोळ्यावरच होता. बाबूंनी फिटरला खूण केली. फिटरनं मला हलकेच बाजूला केलं, नटाला पाना लावला, जोर केल्यासारखं केलं आणि मान हलवली. "नट जाम हाय, साहेब." पिशवीतून रॉकेलची बाटली काढून त्यानं दोन थेंब सोडले. "मुरू द्या जरा. न्हाई तर पाइपच तुटंल." आणि बिडी पेटवून उकिडवा बसला. साल-दीड सालाचा नट, तो कशानं जाम होणार? हे माझ्या डोक्यात यायला कितीतरी वर्षं गेली. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही.

वाट बघणं म्हणजे काय ते मी त्या रविवारी शिकले. मी तोटी पूर्ण सोडली, खाली परात पालथी घातली आणि पाइपाला कान लावून बसले. ऊन डोक्यावर आलं. बिडी संपली, दुसरी पेटली. मायनं बाबूंना घडवंची दिली, ते बसले, उठले, छत्री उघडली. बायका कुजबुजत होत्या. नाही आलं तर? आलं आणि नुसतं पाणीच आलं तर? मी कधी नव्हे ते मनात 'बुद्धं सरणं' म्हणायला लागले आणि मधल्या ओळी विसरले. बाबू म्हणाले, "बस झालं. चल रे, फिरव." फिटर सावकाश उठला, पिशवीत हात घालून उगाच काहीतरी शोधत राहिला.

आणि नळानं खाकर काढली.

मी किंचाळलेच, "आलं! आलं!" लांबलचक फुस्स सुरू झालं. फिटरनं झाकण उचललं. काटा गरगर फिरत होता, आकडे सरकत होते, आणि परात मुकी. बाबू वाकले. तोटीखाली त्यांनी आपली वही धरली, आणि वहीची पानं फडफड उलटली. ते कितीतरी वेळ तसेच वाकून होते. मग परात दणदणा वाजायला लागली आणि त्यांची वही भिजली.

"समद्या लाइनीचं वारं हितंच निघतं," फिटर शांतपणे म्हणाला. "शेवटचा नळ, तोबी टेकाडावर. आमाला ठावं हाय की. कुनी इचारलंच न्हाई कदी."

बाबूंनी वही झटकली. "वाऱ्याचा रकाना न्हाई ह्यात, मास्तर. झालेलं बिल मला पुसता येत न्हाई." मग पेन काढून त्यांनी ओल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "नट जाम असल्याकारणाने नळ तोडता आला नाही." छत्री बगलेत मारून ते चालू लागले. नळ वाचला. बिल आम्ही पुढं हप्त्या-हप्त्यानं भरलं, सगळं वाऱ्याचं.

आता माझी पाळी होती. मी परातीपाशी उभी राहून आबांचा हात चष्म्याकडे जातो का ते बघत होते. आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, नळाखालची परात काढली, आणि हंडा लावला. तो भरला तेव्हा दुसरा लावला. मायनं पुढं होऊन उचलायला हात घातला तर म्हणाले, "राहू दे." एक हंडा खांद्यावर, एक हातात, आणि इस्त्रीचा सदरा भिजवत आबा भर दिवसा, सगळ्या वस्तीच्या देखत उतार उतरायला लागले. मी लहान घागर भरून मागं धावले.

खाला दारात सूप घेऊन मिलो पाखडत होती. उठली. "मास्तर, कागद पे लिखा है ना, किसीकू देना नै?"

"लिवलंय," आबा म्हणाले. हंडा त्यांनी उंबऱ्याशी उतरवला. "सही करताना तुमचा आड आठवायला पायजे व्हता मला. चुकलं माझं."

आबांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. घरात शमीमचं पोर रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. मी आबांच्या मागून पुढं आले. "खाला, मीच केलं. मला माहीत व्हतं. तुमाला रिकामं माघारी लावलं तवा बी माहीत व्हतं. मी बोलले न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मारील, आणि मारलं तर बरं होईल. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कित्ते दिन से डर रही थी गे?"

मला हुंदके फुटायला लागले. तिनं आतून कटोरा आणला, माझ्याच घागरीतून भरला आणि माझ्यापुढं धरला. "पैले तू पी."

मी दोन्ही हातांनी कटोरा धरला. हात इतके कापत होते की निम्मं पाणी तोंडाशी येण्याआधीच सांडलं, अंगणाच्या धुळीत, खालाच्या पायावर. त्या सालातलं पाणी! मी घाबरून कटोरा सरळ करायला गेले, तर आणखीच सांडलं. मी आबांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

खालानं माझं मनगट धरलं. "गिरने दे बेटी," ती म्हणाली. "गिरने दे."